लिबोरियोकडे गेलेला डबा

राजमा आदल्या दिवशी भिजत घालायचा. शिजला की घोटून गाळून घ्यायचा, साल राहता कामा नये. मग नारळाचं दूध, आटवलेलं दूध, साखर, दालचिनी, लवंग, रताळ्याच्या फोडी. वरून दुधाची छोटी बिस्किटं. ढवळणारा हात मध्येच बदलला की खीर बिघडते, असं फेलिसिया म्हणायची. तिची कधी बिघडली नाही, कारण ती कोणाला हात लावू द्यायची नाही.

*

नगरपालिकेच्या सभागृहात नऊ खुर्च्या आहेत. मधली करकरते. ती युदेल्काची.

*

लोस होबोस गावात वाटेत भेटलेल्या माणसाने "तू कोणाचा?" म्हणून विचारलं, तर नुसतं बापाचं नाव सांगून पुढे निघणं उद्धटपणाचं समजतात. आजा सांगावा लागतो. आज्याचं टोपणनाव सांगावं लागतं, कारण खरं नाव कोणालाच ठाऊक नसतं. मग विचारणारा म्हणतो, "अरे, तू त्यांचा होय!" इतकं झालं की जाता येतं.

*

कोन्फेसोरच्या गाडीचा मागचा डावा दिवा फुटलेला आहे.

*

दुकानावरच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही.

*

गुड फ्रायडेआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत ही खीर ज्या घरी शिजते, त्या घराने ती गल्लीभर वाटायची असते. भांडण असलेलं घर वगळता येत नाही. आणि आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो.

*

गुड फ्रायडेच्या दुपारी विल्किन जिना चढून स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचं नाक गळत होतं आणि चेहरा खुशीत होता.

"झालं, आत्या. सगळे डबे पोचले."

सुनिल्दा पातेल्याच्या बुडाची खरवड काढत होती. "सगळे म्हणजे? मी तुला तीन दिले होते."

"एक खिडकीशी राहिला होता की. झाकणावर नाव होतं, लिबोरियो. म्हटलं, कोपऱ्यावरचं दुकान, दोन उड्या मारल्या की आलं."

सुनिल्दाचा चमचा थांबला. तो डबा तिने मुद्दाम बाजूला ठेवला होता. तो कोन्फेसोरने न्यायचा होता, त्याचा गुडघा जरा नीट झाला की. तिचा हा धाकटा भाऊ आत्ता टेबलाशी बसला होता, दुखरा पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. समोर तिची मुलगी युदेल्का मोबाइलमध्ये डोकं घालून मंगळवारच्या सभेचं भाषण दुरुस्त करत होती. दोघांनीही मान वर केली नाही. सुनिल्दाला वाटलं, आता हा पोरगा गप्प बसला तर बरं होईल.

पण विल्किनला सांगायचं होतं.

"काय भला माणूस आहे हो! आत बोलावलं, कॉफी दिली. मला म्हणाले, तू कोणाचा रे?"

आता युदेल्काने मान वर केली. "मग?"

"मग काय? सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"कोन्फेसोरचा म्हटलं. लोस होबोसच्या कावळ्याचा नातू. फेलिसियाचा नातू, जिच्या गाढवाने पाद्र्याला ओढ्यात पाडलं होतं ती फेलिसिया. तर ते हसायलाच लागले, ताई! त्यांना ते गाढव माहीत आहे. मी सांगितलं, आजी गेल्या वर्षी गेली, मग मागे कोणी राहिलं नाही, म्हणून मी नोव्हेंबरात आलो. कसा आलो विचारलं, ते पण सांगितलं. आणि आत्याच्या तळघरात राहतो म्हटलं, मोरीतल्या बंबाशेजारी, मस्त ऊब असते."

कोन्फेसोरने पाय खुर्चीवरून खाली घेतला.

"तू," युदेल्का हळू आवाजात म्हणाली, "लिबोरियोकाकांना सांगितलंस. मेक्सिकोवरून चालत, कागदांशिवाय आलास ते."

"विचारलं त्यांनी."

"विचारलं म्हणून सांगायचं?"

विल्किनने आत्याकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "मोठ्या माणसाने विचारलं, कोणाचा म्हणून. मग काय उत्तर द्यायचं?"

सुनिल्दाने त्याच्या हातात रुमाल दिला. "नाक पूस."

*

लिबोरियोच्या दुकानाच्या काचेवर, केळी आणि फोनकार्डांच्या मधोमध, पाटी आहे: रांग मोडू नका. त्याने स्वतः छापून घेतली. गल्लीतल्या निम्म्या दुकानांत तीच लागली आहे. ही सगळी मंडळी एकाच बेटावरून आलेली, आणि पाटीतली रांग म्हणजे त्या बेटावरून या देशात येण्याच्या व्हिसाची रांग, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मंगळवारच्या सभेपुढे ठराव होता. शहराच्या पोलिसांनी कोणाचे कागद विचारायचे नाहीत. दिवा फुटलाय, सिग्नल तोडलाय असल्या कारणावरून अडवलेल्या माणसाला देशाबाहेर काढणाऱ्या खात्याच्या हवाली करायचं नाही. चार सभासद बाजूने, चार विरोधात. मधली खुर्ची युदेल्काची.

आणि नगरपालिकेच्या वकिलाने सगळ्यांना बजावलं होतं, की ज्याच्या घरातल्या माणसाला या ठरावाचा फायदा आहे त्याने मतदानातून उठून जावं. तीन मजले आणि तळघर, सगळं घर युदेल्काच्या नावावर होतं.

*

"प्रॉव्हिडन्स शहरात माझ्या मैत्रिणीकडे, गिसेलाकडे, जागा आहे," युदेल्का म्हणाली. "आज संध्याकाळी निघू दे. मंगळवारी कोणी विचारलं तर माझ्या घरात असं कोणी राहत नाही, आणि ते खरं असेल."

"आणि काम?" कोन्फेसोरने विचारलं. विल्किन नदीपलीकडे इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात होता. "प्रॉव्हिडन्सवरून रोज येणार? विनापरवाना, त्या गाडीने?"

"दिवा बदला म्हणून मी नाताळापासून सांगतेय, मामा."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस!"

"मग कशाचं घेऊन बसू? तुमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुम्ही काय बोलता, ते येतं माझ्या कानावर. मेक्सिकोवरून आलेल्यांनी आमचं नाव घालवलं. आम्ही विमानाने आलो, इस्त्रीचे कपडे घालून. हे तुमचंच ना?"

कोन्फेसोर लाल झाला. "ते मी दुसऱ्यांबद्दल बोललो होतो."

"दुसरे कोण? दुसऱ्यांना बाप नसतात?"

"युदेल्का," सुनिल्दा म्हणाली.

"नाही आई, बोलू दे. सहा महिने हे माझ्या ठरावाला शिव्या घालतायत, आणि त्यांचाच मुलगा माझ्या मोरीशेजारी झोपतो. आणि मतदानातून उठून जायची पाळी माझी?"

सुनिल्दाने पातेलं मोरीत ठेवलं आणि पाणी सोडलं. पाण्याच्या आवाजात तिला जरा विचार करता यायचा. नागरिक झाल्याच्या वर्षीच तिने भावासाठी अर्ज टाकला होता. तेव्हा विल्किन आठ वर्षांचा होता आणि अर्जात त्याचंही नाव होतं. बोलावणं यायला तेरा वर्षं गेली. तोवर त्याला एकवीस वर्षं पूर्ण होऊन वर चार महिने झाले होते, आणि एकविसाच्या पुढचा मुलगा बापाच्या अर्जात धरत नाहीत. कोन्फेसोर, त्याची बायको, धाकटी मुलगी विमानात बसली. विल्किन फेलिसियाजवळ राहिला, तिची गाय बघायला. त्या दिवशी विमानतळावर कोन्फेसोरने इस्त्रीचा सदरा घातला होता हे खरं. तो पूर्ण भिजला होता, तेही खरं.

"तुझं बरोबर आहे," कोन्फेसोर अचानक म्हणाला. "त्याने जावं. मी सोडतो त्याला. माझ्याकडे परवाना आहे."

"आत्ता जमेल?"

"आत्ता सोडतो म्हटलं ना!" मग तो मुलाकडे वळला. "आणि तू! बारा गावचं पाणी पिऊन आलास, जंगल ओलांडलंस, आणि दुकानदाराच्या एका कॉफीत सगळं ओकून मोकळा झालास?"

"त्याला कशाला बोलता?" युदेल्का ताडकन म्हणाली. "त्याला कोणी शिकवलं होतं? तुम्ही शिकवायचं होतं."

आणि अशा रीतीने, सुनिल्दाच्या लक्षात आलं, विल्किनला घालवायला निघालेली तिची मुलगी त्याच्या बाजूने भांडू लागली, आणि त्याचा बाप त्याला घालवू लागला. या घरात दर सणाला कोणीतरी अशी जागा बदलायचं. तिची आई फेलिसिया असती तर दोघांनाही खरवड खायला घातली असती.

"मी जातो ना," विल्किन म्हणाला. "माझी काय पिशवीच तर आहे. नोव्हेंबरात आलोच नव्हतो असं धरा."

तो हे रागाने म्हणाला नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना. सुनिल्दाने नळ बंद केला.

"कोणी कुठे जात नाही," ती म्हणाली. "आधी जेवा."

*

संध्याकाळी मिरवणूक गल्लीतून गेली. ती चर्चकडे वळली तेव्हा खाली दाराची घंटा वाजली. युदेल्काने पडद्याआडून पाहिलं.

"लिबोरियोकाका." तिने पडदा सोडला. "विल्किन, खाली जा."

"आता कशाला?" सुनिल्दा म्हणाली. "त्यांना त्याच्या गाढवाचंसुद्धा नाव ठाऊक आहे. बस तू."

लिबोरियो जिना चढायला वेळ लावायचा. सत्तरी उलटलेला, अंगावर काळा सूट, कारण तो मिरवणुकीतूनच आला होता. त्याच्या हातात सुनिल्दाचाच डबा होता, आइस्क्रीमचा जुना डबा, आणि तो अजून गरम होता.

"वहिनी."

"या, भावजी."

गल्लीत दुसरं कोणी या दोघांना या नावांनी हाक मारत नव्हतं. लिबोरियोचा थोरला भाऊ तोमासीन हा सुनिल्दाचा पहिला नवरा. लग्न कागदावरचं होतं. सुनिल्दाला या देशात यायला नवरा हवा होता, आणि तोमासीन तेवढा भला होता. नंतर सुनिल्दाने युदेल्काच्या बापाशी खरंखुरं लग्न केलं, दोन्ही नवरे वारले, भावजी तेवढे उरले. युदेल्काला एवढंच ठाऊक होतं, की आईचं पहिलं लग्न टिकलं नाही.

लिबोरियोने डबा टेबलावर ठेवला. "आमच्या घरची. तुमच्याइतकी दाट नाही. सुनेने केली, ढवळताना फोनवर बोलत होती."

"तरीच पातळ," सुनिल्दा झाकण उघडून म्हणाली. तिने पाच वाट्या मांडल्या. लिबोरियोने विल्किनकडे पाहून मान हलवली, जशी दुपारी भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे पाहून हलवावी तशी. विल्किनने उठून त्याला खुर्ची दिली.

युदेल्काला वाट्यांचा धीर नव्हता. "काका, स्पष्टच विचारते. मंगळवारी तुम्ही बोलणार आहात."

"नाव दिलंय. तीन मिनिटं देतात. कमी आहेत."

"विरोधात."

"मग काय बाजूने? माझ्या बहिणीला बोलावणं यायला बारा वर्षं लागली. अकराव्या वर्षी ती गेली. ती रांगेत मेली, युदेल्का. आणि तू म्हणतेस रांग नसली तरी चालेल."

"रांग नको असं मी म्हणत नाही. दिवा फुटला म्हणून माणसाला उचलून नेऊ नये, एवढंच म्हणते."

"एकदा दिवा सोडला की मग दार सोडायचं, मग भिंत."

"आणि हा?" युदेल्काने विल्किनकडे हात केला. "हा आठ वर्षांचा असल्यापासून रांगेत होता. तुमच्या रांगेनेच त्याला काढून टाकलं, मोठा झाला म्हणून."

"ते वाईट झालं."

"वाईट झालं, बस्स?"

"मी कायदा केलेला नाही. माझी बहीण गेली तेव्हाही लोक एवढंच म्हणाले." लिबोरियोने खिरीतलं बिस्किट चमच्याने बुडवलं. "वहिनी, तुमची पहिल्यापासून दाट होते."

"माझ्या तळघराबद्दल बोलणार आहात का तुम्ही?" युदेल्काने विचारलं.

कोन्फेसोरने डोळे मिटून घेतले. सुनिल्दा लिबोरियोच्या हातांकडे पाहत होती.

"तळघराबद्दल बोलायचं असतं तर डबा घेऊन आलो असतो का?" तो म्हणाला. "पण मी गप्प बसलो म्हणून काय झालं? हा पोरगा जो विचारेल त्याला सांगत सुटणार. सोमवारपर्यंत न्हाव्याला कळेल. न्हाव्याला कळलं की सभागृहाला कळलं."

"म्हणून तर त्याला प्रॉव्हिडन्सला पाठवतेय."

"त्या गाडीने? मागून बघितली मी ती." त्याने वाटी खाली ठेवली. "दुकानावरची खोली रिकामी आहे. सकाळी पाव उतरवून घ्यायला मला माणूस लागतो. गाडी चालवावी लागत नाही, जिना उतरला की काम. त्याला तिकडे पाठवा."

सर्वांत आधी युदेल्का बोलली, आणि ती सभागृहात बोलते तशी बोलली.

"म्हणजे तो तुमच्या मुठीत. मी मत दिलं, आणि ते तुम्हाला आवडलं नाही, की मूठ आवळायची."

"तसंही म्हण."

"नाकारतही नाही तुम्ही?"

"नाकारलं तर तू विश्वास ठेवशील? मग कशाला श्वास घालवू?"

"काका, तुम्ही त्यांच्याविरुद्ध पाटी लावता आणि त्यांच्यातल्याच एकाला वर ठेवून घेता?"

"त्यांच्यातला कोण? हा कावळ्याचा नातू आहे."

कोन्फेसोरला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. दुपारी तो स्वतः याहून वेगळं काही बोलला नव्हता.

इतका वेळ कोणी विल्किनला विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "मंगळवारी तुम्ही काय बोलणार?"

"नेहमी बोलतो तेच."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्यासारख्यांबद्दल. नाव घेणार नाही."

"आणि मग घरी येऊन माझ्याबरोबर जेवणार?"

"दुकान बंद केल्यावर जेवतो मी. भात, घेवडा, मांस असेल तर मांस. तुला कांदा चालतो ना?"

विल्किन आत्याकडे वळून म्हणाला, आणि हे त्याने आतापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, "मागच्या आठवड्यात पुलापासून पोलिसांची गाडी माझ्यामागे होती. कारखान्यापर्यंत. मग वळली. तेव्हापासून मी गाडी चालवतो तेव्हा मला समोरचा रस्ता दिसतच नाही, नुसता आरसा दिसतो."

कोन्फेसोरने हात पुढे करून मुलाचं मनगट धरलं. सोडलं नाही.

सुनिल्दाला ठरवायला आता काही उरलं नव्हतं, तरी तिने अटी घातल्या. "रविवारी जेवायला इथे. पाव उतरवायचे, पण पिंप नाही उचलायची, त्याची पाठ दुखते. आणि भावजी, कोणी विचारलं कोणाचा, तर उत्तर तुम्ही द्यायचं. त्याने नाही."

"काय सांगू?"

"काहीही सांगा. तुम्हाला येतं."

लिबोरियोने तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि वाटीतली उरलेली खीर संपवली.

*

मंगळवारी लिबोरियो तीन मिनिटं बोलला, आणि घंटा वाजल्यावरही बोलत राहिला. बहिणीबद्दल बोलला. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाच्या घरातल्या माणसाचा प्रश्न आहे का. युदेल्का म्हणाली, नाही. खुर्ची करकरली. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी संमत झाला. बाहेर पायऱ्यांवर लिबोरियो तिच्याजवळून गेला. "चुकलीस," तो म्हणाला, "पण बोललीस छान." आणि मग, "मला उशीर होतोय, तो उपाशी थांबतो."

युदेल्का त्या पायऱ्यांवर बराच वेळ उभी राहिली. ती जिंकली होती. आता दर निवडणुकीत तिला मतं मागत त्या दुकानासमोरून जावं लागणार होतं.

*

पण त्याआधी, त्याच शुक्रवारी, मिरवणूक संपल्यावर, विल्किनची पिशवी दाराशी होती आणि सुनिल्दा कपाट धुंडाळत होती. तिने एक जाड टॉवेल काढला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला, आणि पिशवीत कोंबला.

"आत्या, टॉवेल आहे माझ्याकडे."

"अंगाला नाही. तिथली खिडकी नीट लागत नाही. खालच्या फटीत घाल, डाव्या बाजूने जास्त. नाहीतर सकाळी उशी गार पडते."

युदेल्का दाराला टेकून उभी होती. "तुला काय माहीत?"

"काय?"

"ती खिडकी."

"जुन्या घरांच्या सगळ्या खिडक्या तशाच असतात," सुनिल्दा म्हणाली. तिने लिबोरियोचा डबा धुतला. मग धुतलेला डबा हातात घेऊन ती थांबली, कारण तो डबा तिचाच होता, आणि आता भरून परत पाठवायची पाळी कोणाची, ते तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिने त्यात उरलेली खरवड घातली, झाकण लावलं आणि विल्किनच्या हातात दिला.

"त्यांना दे. कोणी वाटेत विचारलं तर म्हण, दुकानात चाललोय."

"एवढंच?"

"एवढंच."

कोन्फेसोर काठी टेकत त्याच्याबरोबर उतरला. गाडी कोणी काढली नाही. खिडकीतून सुनिल्दाला बापलेक दिसत होते. वाटेत न्हाव्याने हात केला, काहीतरी विचारलं. विल्किन थांबला. तोंड उघडलं. मग त्याने डबा वर करून दाखवला आणि पुढे गेला. चार पावलांवर तो मागे वळला, जणू काही उद्धटपणा करून बसलो असं वाटून, आणि त्याने न्हाव्याला वाकून नमस्कार केला.

*

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात सुनिल्दा विमानातून उतरली तेव्हा तोमासीनला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. घ्यायला लिबोरियो आला होता, आणि वसंत ऋतू येईपर्यंत ती त्याच्या दुकानावरच्या खोलीत राहिली.